हे तुमचं घर आहे का?

साक्री सोडताना प्रज्ञाने एक शहाणपणा केला, आणि तोही अर्धवट. एसटीत बसल्या बसल्या तिने मोबाईलमधलं सिम काढलं, दातांनी वाकडं केलं आणि खिडकीतून भिरकावून दिलं. नंबर गेला म्हणजे माणूस सुटला, अशी तिची भाबडी समजूत. मोबाईल तिला नवऱ्याने, राजदीपने, घेऊन दिला होता आणि दुकानदाराने तो राजदीपच्याच ईमेलवर चालू केला होता. आपल्याकडे अख्ख्या घराला एक ईमेल पुरतो! सिम गेलं, ईमेल मात्र तसाच आत बसून राहिला.

जळगावात तिने त्याच मोबाईलमध्ये नवं सिम घातलं. घरमालकीण द्रौपदाबाईंची मागची खोली मिळाली आणि डाळमिलमध्ये पिशव्या भरायचं काम. राजदीपच्या थपडांनी डाव्या कानाला कमी ऐकू यायचं, तेवढं सोडलं तर चार महिने बरे गेले. त्याने नातेवाइकांकडे खूप शोधलं, पण कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

एका रविवारी नकाशा लावून ती कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. खोलीवर पोचताच मोबाईलने विचारलं, 'हे तुमचं घर आहे का?'

प्रज्ञाला हसूच फुटलं. माहेरी ती परक्याचं धन, सासरी उठता बसता 'हे तुझ्या बापाचं घर नाही' ऐकायची. तिचं घर कोणतं, हे जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं, तर ते या यंत्राने. तिने 'हो' दाबलं. दिवसभर तिला उगाच छान वाटत होतं.

गुरुवारी ती मिलमधून आली, तर द्रौपदाबाई दारातच हसत उभ्या. "प्रज्ञा, तुना मालक उनात! बठ, चहा ठेवस मी." बाईंचा काय दोष? नवरा कामासाठी सुरतेला असतो, असं प्रज्ञानेच त्यांना सांगून ठेवलं होतं.

राजदीप खाटेवर शांत बसला होता. तो शांत दिसला तशी ती उंबऱ्यातच थांबली.

"धुयाथीन निंघनू, नकाशामा घर दाबं," तो म्हणाला, "त मोबाईल म्हने जळगाव चाल." धुळ्याहून साक्रीला परतताना त्याने नकाशात 'घर' दाबलं होतं, आणि तिचं रविवारचं 'हो' त्याच ईमेलवर जाऊन बसलं होतं.

मग त्याने स्वतःचा मोबाईल काढला आणि गेल्या चार महिन्यांत तिने काय काय शोधलं ते एकेक करून वाचायला लागला. कानाचा डॉक्टर. वकीलबाई. नवऱ्याने मारलं तर तक्रार कुठे करायची. आईलासुद्धा जे विचारायची लाज वाटली, ते तिने त्या मोबाईलला विचारलं होतं, आणि त्याने सगळं जसंच्या तसं नवऱ्याच्या हातात दिलं होतं. चिडावं तरी कुणावर, हेही तिला कळेना.

"माले बठ्ठं माहीत शे," तो म्हणाला. आता खरंच सगळं माहीत होतं त्याला. "सामान भर."

बाहेर द्रौपदाबाई कपबश्या मांडत होत्या. दार उघडं होतं. आत्ता पळायचं म्हटलं तर प्रज्ञाच्या डोक्यात एकच जागा होती, नाशिकचं बायकांचं वसतिगृह. तिने तोंड वर केलं, तेवढ्यात राजदीपने यादीतलं पुढचं नाव वाचलं. नाशिक, बायकांचं वसतिगृह. गल्लीसकट पत्ता वाचला.

ती खाली बसली आणि पिशवीत कपडे भरू लागली.