बिनकापडाची पाल

मिलचा भोंगा बंद होऊन वर्ष उलटलं, पण वासुदेवरावांची सकाळची घालमेल काही बंद होईना. उठायचं, चहा अर्धाच टाकायचा, चपला घालायच्या, काढायच्या, परत घालायच्या आणि मिलच्या फाटकाला लावलेलं कुलूप बघून यायचं. कुलूप काय पळून जाणार होतं? पण नाही, बघायचंच!

आज तर त्यांच्या येरझारांनी घर डोक्यावर घेतलं होतं. यमुनाबाईंच्या भावाचं, श्रीहरीचं, राजवाड्यामागे दुकान होतं. पंपांच्या जळलेल्या मोटरींवर नवी तार गुंडाळायचं काम. त्यानं निरोप धाडला होता, 'जिजाजी, आज सांगा, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.'

"अहो, हो म्हणून टाका ना," यमुनाबाई म्हणाल्या.

"मी कापडाचा माणूस! उभी हयात लूमवर गेली, आता तारा गुंडाळू? मिल सुरू होणार आहे, देखना!"

आपण दुसरीकडे गेलो आणि नेमकी मिल उघडली तर, या भीतीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आतल्या खोलीत क्षितिजा, त्यांची लेक, एम.एस्सी.च्या सेमिनारची तयारी करत होती. आरशाला ठणकावून सांगत होती, "सूरज की हवा से यान चलाना है, तो पाल चाहिए!"

"पाल? कुठंय गं?" स्वयंपाकघरातून यमुनाबाई ओरडल्या. "थांब, झाडू घेते!"

"अगं आई, हिंदीतला पाल! जहाजाचं शीड!"

स्टोव्हच्या आवाजात ते कुणाला ऐकू जातंय! वासुदेवराव मात्र थबकले. शीड म्हणजे कापड!

"केवढं मोठं गं ते?"

"कित्येक किलोमीटर रुंद, बाबा."

"अगं, मग कॅनव्हास लागणार! आपल्या मिलमध्ये निघायचा! आत्ता फाटकावर जाऊन चौकीदार चिंतामण भियाला सांगतो..."

"बाबा, थांबा. त्यात कापडच नसतं."

"बिनकापडाची पाल?"

"तारेचं प्रचंड मोठं कडं असतं. त्यात करंट सोडला की भोवती चुंबकाची ताकद पसरते. तार खास असते, पुरेशी गार ठेवली की करंट आटत नाही, फिरतच राहतो. सूर्यापासून विजेचे बारीक कण सारखे सुटत असतात, तीच त्याची हवा. ते कण चुंबकामुळे वळतात आणि वळताना यानाला पुढं रेटतात. इंधन जाळायला नको."

"आणि कापड लावलं तर?"

"ती हवा फार विरळ असते हो. कापडाचं नुसतं ओझंच होईल."

वासुदेवराव मटकन खाली बसले. "म्हणजे आभाळातसुद्धा कापडाला कुणी विचारत नाही." त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी विचारलं, "ती तार गुंडाळणार कोण?"

"अजून कुणीच नाही, बाबा. सगळं कागदावरच आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि चपला घातल्या.

"गेली का गं एकदाची ती पाल?" यमुनाबाई झाडू घेऊन दारात आल्या.

क्षितिजा हसून सांगणार, तोच वासुदेवराव म्हणाले, "गेली."

या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. "श्रीहरीकडे जातोय. जेवायला माझी वाट बघू नका."