आधी जयाने खायचं

तांड्यावर एक कायदा होता. पाकिटातून आलेली कुठलीही वस्तू आणणाऱ्याने आधी स्वतः खायची, आणि तीही चारचौघींसमोर. कायदा सुखीबाईचा. फवारणीच्या विषाने माणसं आडवी पडली त्या वर्षी तिचा दीर गेला, तेव्हापासून चकचकीत पाकीट दिसलं की म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सरकीचं पाकीट तसंच, विषाचं तसंच, दवाखान्याचंही तसंच. अक्षर न येणाऱ्या बाईने ओळखायचं कशावरून?

मारेगाव तालुक्यातल्या त्या बंजारा तांड्यावर जया आशा सेविका म्हणून काम करायची. राहायची नाल्याअलीकडच्या बौद्धवाड्यात. तिने हा कायदा चार वर्षं निमूट पाळला. रक्तवाढीची गोळी आधी स्वतः गिळायची, मग बायांच्या हातावर ठेवायची. सध्या सुखीबाईची सून पुष्पा सातव्या महिन्यात होती. पहिलं मूल पोटातच गेलेलं, आणि अंगात रक्त जेमतेम सात. जयाने गिळल्याशिवाय सासू तिला गोळीला हात लावू द्यायची नाही.

अशा तांड्यावर एका संस्थेच्या मृणालिनी मॅडम आल्या. सोबत गाडी, फोटो काढणारा माणूस आणि लांबलचक फलक. कापूस वेचायच्या दिवसांत बायांना भर दुपारी शेतातून बोलावून घेतलं. बोंडअळीने निम्मा कापूस आधीच खाल्लेला, उरलेला वेचायचा सोडून बाया मारुतीच्या पारासमोर बसल्या.

"हे भांगेचं बी," मॅडम म्हणाल्या, "पण यात नशा नसते बरं का! भरपूर प्रथिनं, लोह, मॅग्नेशियम, हृदयाला चांगलं असं ओमेगा तेल. तुमच्यासारख्या अशक्त स्त्रियांना वरदान!"

अशक्त म्हटल्यावर धनीबाईने डोईवरून उतरवलेल्या कापसाच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि ओढणीआड हसली.

मॅडम खोटं बोलत नव्हत्या, हे जयाला ठाऊक होतं. उन्हाळ्याआधी तालुक्याच्या प्रशिक्षणात तिने हेच बी चमचाभर खाल्लं होतं. मऊ, ओल्या शेंगदाण्यासारखं गोड. तिनेच येऊन सुखीबाईला तांड्याच्या बोलीत आई म्हणत सांगितलं होतं, "याडी, पुष्पाले मिळालं पाहिजे हे." पण त्यानंतर ती पाकिटं तालुक्याला टिनाच्या खोलीत पडून राहिली. वैशाखाचं ऊन खाल्लं, पावसाळ्याची ओल खाल्ली, आणि आता फोटोची वेळ झाली म्हणून बाहेर निघाली.

मॅडमनी कात्रीने पाकीट कापलं. भपकन वास आला. तेलाची जुनी बरणी महिनोन् महिने न धुता झाकून ठेवावी, तसा खवट. ताटलीत ओतलं तर बियांचे गोळे जाळीने एकमेकांना चिकटलेले, आणि एका गोळ्यातून पांढुरकी अळी डोकं काढून वळवळली.

"माय व! शेतात अळी, अन् आता ताटात बी अळी?" धनीबाई म्हणाली.

मॅडमनी दोन बोटांनी जाळी उचलली, फेकली आणि बोटं कागदी रुमालाला पुसली. "वरचं काढलं की झालं. आतलं सगळं पौष्टिकच आहे."

"मंग तुमी आणलं, त तुमी खा आधी," सुखीबाई म्हणाली.

"माझा आज उपास आहे, आजी."

उपास! सकाळी येताना करंजी गावाच्या चौकात गाडी थांबवून हिने दोन समोसे हाणले होते, वर मिरची मागून घेतली होती. जया शेजारी बसलेली. तिला त्या बाईची किळस आली, त्या लालचुटूक नखांची, त्या गोड आवाजाची.

"जयाताई, तुम्ही घ्या ना! आणि हसा हं, फोटो वर पाठवायचाय."

आणि जयाने घेतलं. वरच्या माणसांना नाही म्हणायची सवयच नव्हती तिला. चमचा तोंडात गेला. जीभ कडू झाली, घशाला बुरशट तेल लागलं, दाताखाली काहीतरी मऊ फुटलं. तिने ते गिळलं. हसलीसुद्धा. फोटो निघाला.

सुखीबाई फोटोकडे बघत नव्हती. ती जयाच्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली उतरलेला दिसला, तशी कपाळाची आठी सुटली. तिने चमचा भरला आणि सुनेच्या तोंडात घातला.

पुष्पाचे डोळे पाण्याने भरले. तरी पोर चावत होती, जयाकडे बघत, मुकाट्याने.

"थुक! पुष्पा, थुक ते!" जया ओरडली. धावत जाऊन तिने पुष्पाच्या तोंडात बोट घातलं. पुष्पाला भडभडून उलटी झाली. सकाळची भाकरही बाहेर पडली. मॅडमनी आपली चप्पल मागे घेतली.

"सडलं हाये ते, याडी," जया म्हणाली. "मले समजलं होतं. फोटोसाठी गिळलं मी."

मॅडम कुरकुरल्या, इतक्या लांबून आलो, लोकांना कदरच नाही वगैरे. गाडी धुरळा उडवत गेली. जयाने नाल्यावर तीनदा चूळ भरली. तोंडातली चव जाईना. मॅडमची किळस केव्हाच मागे पडली होती. आता स्वतःचीच येत होती.

पुढच्या बुधवारी ती रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन सुखीबाईच्या दारात बसली. पुष्पा भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. जयाने नेहमीसारखी एक गोळी काढली, सगळ्यांना दाखवली, जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली. मग तोंड उघडून दाखवलं.

"पाह्य याडी. गिळली."

पुष्पाने हात पुढे केला. सुखीबाईने तो मनगटाला धरून खाली घेतला.

"गिळून त तू तेबी दाखवलं होतं, बाई," ती म्हणाली.

पुष्पाने हात ओढणीखाली घेतला. दुसरी गोळी जयाच्या तळहातावर तशीच राहिली, आणि घामाने तिचा लाल रंग हाताला लागत गेला.