दादाचा वाकडा ड्राइव्ह

दादाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला तो पुतणीच्या हट्टापायी. दादा गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. परवा म्हणाली, "काका, मला बाबा आठवतच नाहीत." तिला झोपवायला दादाने त्या कॉम्प्युटरवर एक धून रचली होती. ती एकाच फ्लॉपीवर होती आणि आम्हा कुणाला नीट आठवत नव्हती.

मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा. फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे काय मोठंसं? फ्लॉपीवरचं वाचणारं-लिहिणारं हेड स्पिरिटने पुसलं, पट्टा बदलला. दादाची फ्लॉपी आधी घालायला जीव धजेना, म्हणून विकतची गेमची घातली. वाचेना. हेड चांगलंच वाकडं बसलं होतं. ते सरळ केलं आणि गेम झकास सुरू झाला. मग दादाची घातली. खर्र, खर्र, एरर. पुन्हा घातली, पुन्हा तेच.

"संपली ही! बुरशी धरली असणार. जपून ठेवायला काय होतं?" मी खेकसलो.

वहिनी थोडीच ऐकून घेणार! "भाऊजी, माझ्यावर कशाला डाफरताय? या डब्यात बाहेरची फ्लॉपी कधी चाललीच नाही. आणि यांची दुसऱ्या कुठे चालायची नाही. तुम्ही नीट केलंत आणि बिघडलं."

मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा! दादाचं हेड वाकडं, म्हणून त्याने लिहिलेलंही तितकंच वाकडं. अख्ख्या जगात त्याचं लिहिलेलं त्या एकाच ड्राइव्हला कळत होतं, आणि मी शहाण्याने तोच सरळ केला.

स्क्रू सैल केला. हेड केसभर सरकवलं. एरर. आणखी केसभर. वहिनी आणि पुतणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. अचानक खरखर थांबली, ड्राइव्ह शांतपणे फिरू लागला आणि त्या टीचभर स्पीकरमधून धून आली. देवा रे! इतकी वर्षं ती तिथेच होती.

मध्येच ती थांबली. पुढचा भाग वाचायला ड्राइव्हला वेळ लागत होता. त्या शांततेत पुतणी गुणगुणली, पुढचे पाच-सहा सूर. मग कॉम्प्युटरने तेच सूर वाजवले.

वहिनींनी तिला जवळ ओढलं. पुतणी माझ्याकडे वळली.

"काका," ती म्हणाली, "हे मला कसं येतं?"