दोनदा पाठ केलेला अध्याय

धनराजची बायको सिंधुबाई फेब्रुवारीत गेली. तिच्या शनिवारच्या वर्गाचं आता काय करायचं, हा विषय महिनाभर कुणी धनराजजवळ काढला नाही. लोक समजूतदार होते. मार्चच्या पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर मात्र चर्च कमिटीचा सेक्रेटरी रविराज त्याच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, काका, तुमच्यावर कशाला ओझं? तरुण पोरांना आपण शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये धाडू. तिथं गिटार आहे, पडद्यावर गाणी दिसतात, थिऑलॉजी शिकलेली माणसं आहेत.

रविराज वाईट माणूस नव्हता आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. नाशिकरोडच्या त्या लहानशा चर्चमध्ये तरुण म्हणावीत अशी सातच पोरं होती. सिंधुबाईच्या हाताखाली एकोणीस वर्षांत अशी कितीतरी पोरं येऊन गेली, नोकऱ्यांना लागली, पुण्याला गेली, त्यातला एक तर पाळक झाला. पण शिकवणारी सिंधुबाई होती. धनराज आतल्या खोलीत चहा करायचा.

तरी तो म्हणाला, "शनिवारी घरीच असतो मी. येऊ दे त्यांना."

रविराजने थोडा विचार केला आणि मुदत दिली. नोव्हेंबरात मनमाडला सगळ्या चर्चची मिळून शास्त्रपाठांतराची स्पर्धा असते. तिथं आपला वर्ग नीट उभा राहिला तर चालू ठेवू. नाहीतर जानेवारीपासून पोरं तिकडं जातील आणि शनिवारचा वर्ग बंद.

धनराज त्रिभुवन सातवी शिकलेला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होता. त्याला वचनाचा अर्थ फोडून सांगता येत नव्हता आणि प्रार्थना करायला उभा राहिला की दोन वाक्यांत संपायची. पण तपासणी त्याला येत होती. कामावर असताना स्वतः हात लावून बघितल्याशिवाय त्याने कधी एका व्हॉल्वपुढे सही केली नव्हती. तेव्हा त्याने ठरवलं, पोरं पाठ करतील आणि आपण तपासू. चुकायला एकही जागा ठेवायची नाही.

स्पर्धेला फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय होता. तीस वचनं, तिघांनी मिळून म्हणायची. योगिनीला पहिली दहा दिली, ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. मधली दहा अश्विनला. तो अंबडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा आणि कधीकधी युनिफॉर्मवरच यायचा. शेवटची दहा अकरावीतल्या हर्षालीला. बाकीच्या चौघांनीही पाठ करायचं, कारण आयत्या वेळी कुणाचा घसा बसला तर पंचाईत नको.

सिंधुबाईचं पवित्र शास्त्र तिला तिच्या आईकडून मिळालं होतं. काळ्या जाड पुठ्ठ्याचं, कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेलं. धनराज ते मांडीवर घेऊन बसायचा, बोट ओळीवर ठेवायचा आणि पोर म्हणायला लागलं की बोट सरकवायचा. शब्द चुकला की बोट थांबायचं. पहिल्या शनिवारी योगिनी पाच वचनांत अकरा वेळा चुकली. तिने तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होती, पण नुसतं "परत म्हणते काका" म्हणाली. पुढच्या आठवड्यात चुका चारवर आल्या. मे महिन्यापर्यंत सगळा वर्ग बोटाबरोबर सुरळीत चालायला लागला.

धनराजला हे बघून बरं वाटायचं. पोरं साडेसहाला यायची, म्हणायची, चहा प्यायची, जायची. सिंधुबाईच्या वेळी आतल्या खोलीत ऐकू यायचा तसा गलका आता होत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण घरात दुखवटा आहे म्हणून पोरं गप्प असतील, असं त्याने धरलं.

मनमाडला ते सकाळच्या गाडीने गेले. सातही पोरं आली, अश्विन रात्रपाळी करून तसाच आला. हॉल भरलेला होता. मालेगाव, निफाड, येवला, घोटी, सगळीकडची माणसं. खेड्यांतल्या म्हाताऱ्या पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. परीक्षक होत्या सविताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तीस गुण होते, एका चुकीला अर्धा गुण जाणार होता.

नाशिकरोडची पाळी आली. धनराज दुसऱ्या रांगेत सिंधुबाईचं पुस्तक उघडून, पहिल्या वचनावर बोट ठेवून बसला.

योगिनी बोलायला लागली आणि पहिल्याच ओळीला त्याचं बोट थांबलं. शब्द वेगळाच आला. त्याने बोट पुढे नेलं, दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. पोरगी घाबरली असेल, असं त्याला वाटलं. पण तिच्या आवाजात भीती नव्हती, ती खणखणीत म्हणत होती आणि सरळ चुकत होती. अश्विनही तसाच. हर्षालीनं तर एक अख्खं वाक्य फिरवून म्हटलं. आठ महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत वाहून चालली होती. आता वर्ग बंद होणार, हे तर होतंच. त्याहून जास्त त्याला पोरांची काळजी वाटली. घरी परत जाताना तोंडं कशी होतील त्यांची.

आणि सविताबाई म्हणाल्या, "नाशिकरोड. एक चूक. साडेएकोणतीस."

टाळ्या पडल्या. धनराजला टाळी वाजवता येईना. साठाच्या वर चुका त्याने स्वतः बोटाने मोजल्या होत्या. बाईंचं लक्ष नव्हतं म्हणावं तर पुस्तक त्यांच्यापुढं उघडं होतं. गप्प बसलं असतं तर वर्ग वाचत होता. त्याला हे कळत होतं. रविराजही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. पण देवाच्या वचनावर खोटे गुण घ्यायचे, आणि तेही तिचं पुस्तक मांडीवर ठेवून, हे त्याच्याने होईना. तो उठला आणि भर हॉलमध्ये परीक्षकांच्या टेबलापाशी गेला.

"बाई, सलाम," तो म्हणाला. "आमच्या पोरांचे गुण कमी करा. लई चुकलीत ती."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. आपल्याच टीमविरुद्ध तक्रार घेऊन आलेला माणूस त्या स्पर्धेत कुणी पाहिला नव्हता. सविताबाईंनी चष्मा वर केला, त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, पान बघितलं, सुरुवातीचं मळलेलं पान उलटून छपाईचं साल बघितलं.

"काका, हे जुनं भाषांतर आहे," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या आजीकडं हेच होतं. आता चर्चमध्ये वाचतात ते नवं. पोरं बरोबर म्हणाली."

धनराज बघतच राहिला. दर रविवारी पाळकसाहेब वाचायचे ते त्याला घरच्या पुस्तकापेक्षा वेगळं लागायचं, हे खरं. पण त्याला इतकी वर्षं वाटत होतं की साहेब शिकलेले आहेत, वाचता वाचता लोकांना समजेल असं सोपं करून सांगत असतील.

मग त्याच्या दुसरी गोष्ट ध्यानात आली. मे महिन्यापासून ही पोरं दर शनिवारी या पुस्तकाप्रमाणे बिनचूक म्हणत होती. त्याने वळून योगिनीकडे पाहिलं. योगिनी खाली बघत होती.

सविताबाईंनी शाळा चालवलेली होती, त्यांना पोरांची तोंडं वाचता यायची. त्यांनी योगिनीला बोलावलं आणि काकांच्या पुस्तकाप्रमाणे येतं का विचारलं. योगिनीने मान हलवली आणि पहिल्या वचनापासून सुरुवात केली. बोट ठेवायला आता पुस्तक धनराजच्या हातात नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. तिसऱ्या वचनाला सतरंजीवरची एक म्हातारी पुटपुटायला लागली. मग तिच्या शेजारची. ते शब्द त्यांनी लहानपणी ऐकलेले होते, आणि कित्येक वर्षांत कुणी त्यांच्यापुढे मोठ्याने म्हटलेले नव्हते. दहावं वचन येईपर्यंत अख्खी पुढची सतरंजी योगिनीबरोबर म्हणत होती.

याचे गुण नव्हते. नाशिकरोडचा दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरला अर्धा गुण कमी पडला, आणि तो अश्विनचा. नव्यात म्हणताना एका जागी त्याच्या तोंडून जुना शब्द गेला होता.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. धनराज खिडकीपाशी बसला. त्याला दोन्ही वाटत होतं. एकीकडं छाती भरून आली होती. दुसरीकडं वाटत होतं, पोरांनी आपल्याला आठ महिने लहान मुलासारखं सांभाळून घेतलं, आणि आपल्याला पत्ता नाही. शेवटी त्याने विचारलं, कुणाची अक्कल ही?

सगळ्यांनी योगिनीकडं बोट केलं. तिने सांगितलं, की पहिल्या शनिवारी सांगणारच होते. पण तुमचं बोट काकूच्या पेन्सिलीच्या खुणेवर होतं. मग नाही सांगवलं. घराबाहेर पडल्यावर कोपऱ्यावर उभं राहून सातही जणांनी ठरवलं, की शनिवारी काकांचं म्हणायचं आणि स्पर्धेसाठी बुधवारी योगिनीच्या गच्चीवर नवं म्हणायचं.

"म्हणजे एका पगारात डबल ड्यूटी, काका," अश्विन म्हणाला. "आणि वरून माझाच अर्धा गुण कापला."

"गुणाचं जाऊ दे," धनराज म्हणाला. "ऐका. तुम्ही केलंत ते चांगल्या मनानं केलंत. पण यापुढं मी चुकलो तर माझ्या तोंडावर सांगायचं. काकूला सांगायचात ना? मला ऐकू यायचं आत, किती भांडायचात तिच्याशी."

पोरं एकमेकांकडं बघून हसली. हर्षाली हसली नाही, ती विचार करत होती.

पुढच्या शनिवारी रविराज आला. कमिटीचं काय ठरवायचं ते बोलायला आला होता, पण वर्ग सुरू झाला होता म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसला. धनराजने पोरांना सांगितलं, की पाठांतर झालं, आता आज काय करायचं ते मला माहीत नाही.

"काका, तोंडावर सांगायचं म्हणालात ना," हर्षाली म्हणाली. "मला सांगायचं नाही, विचारायचंय."

"विचार."

"माझ्या दहा वचनांत तो एपफ्रदीत आहे. मरायला टेकला होता, देवानं दया केली, बरा झाला. मी ते मार्चपासून म्हणतेय, दोन्ही भाषांतरांत. काकूसाठी पण आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. उपास केले. मग काकू का नाही?"

योगिनीने तिला कोपराने ढोसलं. रविराज घसा खाकरून पुढं सरकला, त्याच्याजवळ उत्तर तयार असावं. धनराजने त्याला हातानेच थांबवलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी पण रोज हेच विचारतो त्याला."

अश्विन म्हणाला, की असं देवाला विचारलेलं चालतं का, पाप नाही ना लागत? योगिनी म्हणाली, वेडा आहेस का, स्तोत्रांमध्ये निम्म्या जागी तेच तर आहे. कुणी म्हणालं तेरावं, कुणी म्हणालं नाही, सत्त्याहत्तरावं वाचू. पानं उलटायला लागली, दोघंजण एकाच पुस्तकात डोकं घालून वाद घालू लागले, आणि त्या खोलीत नऊ महिन्यांनी गलका झाला.

रविराज उठून धनराजपाशी आला. हळूच म्हणाला, जानेवारीचं कमिटीला काय सांगू? धनराज म्हणाला, मला काय विचारतोस, त्यांना विचार. रविराजने खरंच विचारलं. योगिनी म्हणाली, सर, गिटार शिकायला येऊ की आम्ही तिकडं, रविवारी दुपारी. शनिवारी आम्हाला वेळ नसतो.

रविराज हसला आणि खुर्ची सोडून चटईवर येऊन बसला.

धनराज पोरांकडं बघत होता. कुणाची नेमणूक नाही, कुणाची भीती नाही, आणि ही सात पोरं शनिवारी संध्याकाळी वचनावर भांडत होती. त्यातल्या एकीने त्याच्या घरात बसून, जे आजवर कुणी त्याच्यासमोर मोठ्याने विचारलं नव्हतं, ते विचारलं होतं. त्याला कुणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटलं, बघ तुझी पोरं. मग तोही खुर्चीवरून उतरून चटईवर बसला.

"सत्त्याहत्तर ना?" त्याने विचारलं. "मी वाचतो."

चारचौघांत मोठ्याने वाचायची त्याची ती पहिलीच वेळ. एकेक शब्द लावत तो वाचायला लागला. चौथ्या ओळीत एका जोडाक्षरापाशी अडला. पोरं थांबली. सगळ्यांच्या पुढ्यात पुस्तकं उघडी होती, पण कुणी शब्द पुढे केला नाही. धनराजने तो आपल्या आपण लावला आणि पुढं वाचत गेला.