राहुलच्या नावावर

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे मुरारीकाका कबड्डीच्या मैदानात मांडी थोपटत उभे असावेत. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, तेव्हा इथे सांगायला कसली चोरी?

शनिवारी महाडला उपांत्य सामना होता. माझा धाकटा भाऊ राहुल चढाईला गेला आणि पकडीत कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा निपचित. मग कुणी तोंडावर पाणी मारलं, पाठ थोपटली, आणि हा उठून समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. लोक खो खो हसले. मला कसलं हसू! मी मुंबईत डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. मेंदूला मार बसलाय का, ते डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखायला मदत करणारं मशीन या स्पर्धेसाठी मीच मागून आणलं होतं. आयोजकांशी भांडून नियमही करून घेतला होता : डोक्याला लागलं तर मशीनचा कागद दाखवल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही.

रविवारी सकाळी राहुलला मशीनपुढे बसवला. पडद्यावर ठिपका फिरतो, मधेच जवळ येतो, त्याच्यामागे नजर न्यायची, कॅमेरा डोळे टिपतो. राहुलची नजर मागे पडायची, मग उडी मारून ठिपका गाठायची. चालून दाखव म्हटलं तर तोल जात होता. काल काय जेवलास, तेही आठवेना. आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हा मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतेल. मी कागदावर लिहिलं, खेळू नये.

"काय धाड भरलीय त्याच्या डोळ्यांना?" मुरारीकाका कडाडले. आमच्या कुडपण गावच्या संघात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. "पलीकडच्या डोंगरातली गुरं मोजतो तो! जिल्ह्याचे निवडसमितीवाले आलेत. आज नाय खेळला तर वर्ष गेलं त्याचं."

"जाऊ दे वर्ष. माझा भाऊ तर राहील."

"बरं बाय. दुपारी परत एकदा तपास."

काका एवढे नरमले तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मशीनवर अक्षदाला बसवून जेवायला गेले. ती दवाखान्यातली माझी जोडीदार, नुकतीच मुंबईहून पोचलेली, तिला आमच्या गावची पोरं काय ठाऊक! परत येते तो नवा कागद तयार : राहुल, सात नंबर. निकाल तोच, पण आकडे भलतेच. सकाळी नजर मागे पडत होती, आता ठिपका जवळ आला की दोन्ही डोळे एका जागी येतच नव्हते. तीन तासांत एवढा फरक?

कागद घेऊन काकांकडे गेले, तर ते पोट धरून हसायला लागले.

"अगो, तो राहुल नव्हताच! आमच्या विनीतला बसवला, राहुलची बनियन घालून. ठणठणीत पोरगा, काल बाकावरनं हललाबी नाय. त्यालाबी नापास केलंन! भंगार हाय तुझं मशीन, आता राहुल खेळणार."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या कबड्डी मंडळांची ही जुनी खोड. मुंबईहून एखादा खेळाडू आला नाही की त्याच्या नावावर दुसरा उतरवायचा. बनियनवर नाव बरोबर असलं की झालं. तीच अक्कल यांनी मेंदूच्या तपासणीला लावली, आणि तीही स्वतःच्या पोटच्या पोराला बसवून!

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" मी भर मंडपात ओरडले. "उद्या राहुलच्या नावावर मरायला कुणाला पाठवणार आहात?"

"ताई," विनीत मागून हळूच म्हणाला, "मशीन खोटं नाय."

काकांचं हसू थांबलं.

"गणपतीनंतर सरावात डोकं आपटलेलं. तवापासून वळणावर गरगरतं. दमलो की समोरनं येणारी गाडी दोन-दोन दिसते. मग एक डोळा मिटून चालवतो."

विनीत कुडपण-पोलादपूर जीप चालवतो. रोज. त्याच्या गाडीत शाळेची पोरं असतात.

"मला का नाय सांगितलंस रे?" काकांनी त्याचा दंड धरला.

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, डोकं दुखतं म्हणून मर्द पोरं रडत नाय."

लाऊडस्पीकरवर कुडपणच्या संघाला दुसरा पुकारा झाला. राहुल विनीतशेजारी जाऊन बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मी विनीतच्या खिशातून जीपची किल्ली काढून घेतली. काकांना अजून खूप सुनावायचं होतं मला, पण कुठल्या तोंडाने?

दोनच दिवस आधी, शुक्रवारी, मला वीर स्टेशनवर घ्यायला विनीतच आला होता. आईही गाडीत होती. घाटातल्या वळणांवर तो सारखा एक डोळा मिटत होता. आणि मी दीडशहाणी, ते मशीन मांडीवर घेऊन, त्याला चिडवत होते, "कुणाला रे डोळा मारतोयस?"