अर्ध्या ओळीवर

टोमॅटो तोडणाऱ्या त्या बायकांची एक जुनी रीत होती. जिची ओळ आधी संपे ती सावलीला जाऊन बसत नसे. वळसा घालून ती मागे राहिलेलीच्या ओळीत दुसऱ्या टोकाने शिरायची आणि तोडत तोडत तिच्यापर्यंत यायची. दोघी समोरासमोर आल्या की कंबर सरळ करून हसायच्या. ओळी संपल्या की दिवस संपला. कुणाचं फळ कुणाच्या क्रेटमध्ये गेलं हे कोण बघतंय? टोळीचा माल एक, मजुरीही एक; ती सगळ्यांत सारखी वाटायची.

मागे राहायच्या त्या सासूबाई. गुडघे कामातून गेलेले, त्यात प्रत्येक फळ तोडताना देवाचं नाव घ्यायचा त्यांचा नेम. समोरून यायची ती त्यांची सून. मुलगा वारल्यापासून मळ्यातल्या मजुरांच्या एका खोलीत त्या दोघीच राहत.

"सासूबाई, तुमच्या देवाचं नाव फार लांबलचक हो," टोळीतली रेडिओ म्हणायची. तिचं तोंड सकाळी एकदा सुरू झालं की संध्याकाळपर्यंत बंद होत नसे, म्हणून तिला हे नाव पडलेलं. "जरा आखूड नावाचा देव बघा. दोन क्रेट जास्त भरतील."

"तुझं तोंड मिटलं तर चार भरतील, बये."

मग कायदा आला. कारखान्यातल्यांसारखी शेतमजुरांनाही तासावर किमान मजुरी आणि आठ तासांवर काम झालं तर दीडपट. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "उशिरा का होईना, त्यानं ऐकलं."

पण कायदा लागू व्हायच्या दिवशी मुकादम रंगीत फितींचा गठ्ठा घेऊनच उभा होता.

"मालक म्हणतात, कायदा म्हणजे कायदा. प्रत्येकीला तासाचे पैसे मिळतील. पण मग प्रत्येकीचं काम वेगळं दिसायला नको? आपापल्या क्रेटला आपली फीत बांधायची. जिचा माल कमी भरेल तिला पुरी मजुरी मालकानं कुठून द्यायची? तिनं घरी बसायचं. आणि कामावर नसेल तिला इथली खोली नाही."

सुनेच्या वाट्याला लाल फीत आली, सासूबाईंच्या पिवळी.

"आई, आज जरा भराभर हात चालवा."

"घाई केली की फळ चिरडतं, पोरी."

"चिरडू दे!"

सुनेने त्या दिवशी पाण्यालाही तोंड लावलं नाही. हात रसाने हिरवे-काळे झाले, नखं चुरचुरू लागली. डोक्यात एकच होतं, आईंची ओळ मागे राहता कामा नये. आपली ओळ संपताच ती धावत वळसा घालून समोरून शिरली, पायाने क्रेट पुढे सरकवत. भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. अर्ध्या ओळीवर दोघी भेटल्या.

"झाली हो आई तुमची ओळ! सगळ्यांच्या आधी!"

सासूबाईंनी तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. मग दोघी समाधानाने बांधावर सावलीत टेकल्या. आठ तास भरल्याचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता.

वजनकाट्यापाशी मुकादमाने क्रेट रंगांप्रमाणे लावले. लालची थप्पी माणसाच्या उंचीची झाली. पिवळी त्याच्या गुडघ्यालाही लागेना.

"हे कसं?" सून म्हणाली. "ओळ तर पुरी झाली त्यांची."

"झाली ना. पण केली कुणी?"

तिने थप्पीकडे पाहिलं. सासूबाईंच्या ओळीत भरलेल्या त्या तिन्ही क्रेटना तिनेच घाईघाईने लाल फीत बांधली होती.

"यातले त्यांच्यात धरा. ओळ त्यांचीच होती, दादा."

"फीत लाल आहे, बाई. मीही हुकमाचा ताबेदार."

"मग आत्ता तोडतात त्या. शेजारची ओळ उभीच आहे. फुकट तोडतील!"

तेवढ्यात भोंगा झाला. मुकादमाने मान खाली घातली. "आठ तास भरले. आता एक फळ तोडलं तरी दीडपट द्यावी लागते. मालकांनी सक्त बजावलंय."

रेडिओ तशीच तावातावाने, सरकारी कचेरी बंद व्हायच्या आत, तिथे जाऊन आली. साहेब म्हणाले, मजुरी कमी दिली असेल तर सांगा. कामावर कुणाला ठेवायचं हे कायद्यात नाही.

सासूबाईंनी क्रेटची पिवळी फीत सोडली, नीट गुंडाळली आणि मुकादमाच्या हातात दिली. "कुणाला तरी लागेल."

सासूबाईंनी आपल्या धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलं. तिथे आधीच पाय पसरायला जागा नव्हती. बस येईपर्यंत सून रडत राहिली. "मीच आले ना मध्ये. नसते आले तर..."

"रोज यायचीस ती काय चूक होती?" सासूबाई म्हणाल्या. "कायदाही वाईट नाही गं. चांगलाच आहे." मग बराच वेळ त्यांचे ओठ हलले नाहीत. देवाच्या नावासाठीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पिवळी फीत एका नव्या पोरीकडे होती. सुनेची ओळ संपली. पाय आपोआप वळसा घालून त्या पोरीच्या ओळीशी गेले.

"ताई, माझ्या ओळीत नका येऊ हं," पोर घाबरून म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

रेडिओने वर पाहिलं आणि वाकून आपल्याच क्रेटची फीत घट्ट केली.

"उभी काय राहिलीस? पुढची ओळ धर!" मुकादम ओरडला.

सुनेने पुढची ओळ धरली. मध्यावर आल्यावर सवयीने कंबर सरळ झाली, मान वर झाली. समोर नुसता पाला होता.