चार हातांचा कामगार

सकाळी साडेसहाला त्या घरात दोन डबे भरले जात. एक मोठा, एक लहान. मोठा वडिलांचा, लहान आईचा. डबे भरताना आई तीनदा थांबे, ओट्याला धरून खोके, पाण्याचा घोट घेई आणि पुन्हा झाकण लावायला घेई. घरातल्या कोणाचंच आता त्याकडे लक्ष जात नसे. घड्याळाची टिकटिक जशी कानांना ऐकू येईनाशी होते, तशी ती खोकल्याची उबळ घराच्या अंगवळणी पडली होती.

दोघं नवरा-बायको कपबश्यांच्या कारखान्यात जात. तो चौदा नंबरच्या चाकावर बसे, ती त्याच्या शेजारी पंधरावर. भट्टीत जाण्याआधी कप वाळतो तेव्हा त्याच्या कडेला धार असते. ती फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायची, हे त्यांचं काम. घासताना पांढरी, पिठासारखी बारीक धूळ उडते. संध्याकाळी दोघांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. नवी लग्नं झालेल्या जोड्यांना बाकीचे चिडवत, "काय, आत्ताच म्हातारे झालात की."

आता या कारखान्याची एक रीत सांगतो. ती कोणी सुरू केली हे कोणालाच माहीत नाही, आणि ती वाईट आहे असंही कोणाला कधी वाटलं नाही. पुरुष कामाला लागला की त्याची बायकोही त्याच्याबरोबर येई आणि शेजारच्या चाकावर बसे. कार्ड मात्र एकच, नवऱ्याचं. तिने घासलेले कपही त्याच्याच नावावर चढत. दिवसाला किती कप झालेच पाहिजेत हेही दोघांच्या हिशेबाने ठरलेलं, त्यामुळे एकट्या माणसाचा तिथे निभाव लागत नसे. कोणी अविवाहित पोरगा काम मागायला आला, तर फाटकावरच त्याला सांगत, "आधी लग्न करून ये." सगळे हसत, तोही हसे आणि खरोखरच लग्न करून येई.

अशा एक्केचाळीस जोड्या तिथे होत्या. त्यांत आपल्या या गृहस्थांचे कप सगळ्यांत जास्त. सलग आठ वर्षं त्यांना उत्तम कामगार म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. आठही चौकटी घराच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या होत्या आणि दर रविवारी आईच त्या पुसत असे. कारखान्यात त्यांचं नावच 'चारहात्या' पडलं होतं. त्यातले दोन हात कोणाचे, हे हाक मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला चीड येते ती याच गोष्टीची. लपवलेलं काहीच नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्याचा विनोद झाला होता.

त्या वर्षी कारखान्यात सॉफ्टवेअर आलं. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची तशी अट होती. कोणता कप कोणत्या दिवशी, कोणत्या चाकावर, कोणाच्या हातून झाला, हे त्याला तिकडे बसल्या बसल्या दिसायला हवं होतं. मालकांनी हजेरी, माल, भट्टी, विक्री, सगळं त्यात घालायचं ठरवलं. प्रत्येक चाकाशी हाताएवढा पडदा बसला. माहिती भरायला माणूस हवं होतं, तेव्हा मालकांनी चारहात्याच्या मुलीला बोलावून घेतलं. ती नुकतीच कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली होती.

"आपल्या घरातलीच पोर आहे," मालक म्हणाले, "बाहेरचं कशाला शोधायचं?"

त्या दिवशी वडील घरी आले ते छाती फुगवूनच. आईने मुलीचा एकुलता एक चांगला ड्रेस दोनदा धुतला.

तीन महिने मुलगी कार्डं भरत होती. मग चाचणीचा दिवस आला. बसवायला आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याने मोठ्या पडद्यावर चाकांची यादी लावली, आणि एक्केचाळीस ओळी लालभडक झाल्या. प्रत्येक ओळीत एकच वाक्य होतं: एक कामगार एकाच वेळी दोन चाकांवर असू शकत नाही.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. शेजारच्या चाकावर कोण बसतं त्याचं नाव टाकलं की जाईल."

"तिथे कोणी बसत नाही."

सॉफ्टवेअरवाल्याने काचेतून खाली पाहिलं. खाली एक्केचाळीस बायका चाकांवर वाकून कप घासत होत्या. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"म्हणजे त्या येतात नवऱ्यांना मदत करायला," मालक शांतपणे म्हणाले. "घरचीच माणसं. त्यांची नावं घातली की त्या कामगार होतात. मग त्यांची रजा आली, दवाखाना आला, धुळीसाठी तोंडाच्या पट्ट्या आल्या. असं करा, दोन चाकं मिळून एक धरा. नाव द्या जोडचाक. एक माणूस, एक जोडचाक."

"पण साहेब..."

"तुम्ही राहू द्या. ही पोर करील."

मुलगी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. लेकीचं काम बघायला वर आलेले ते दाराशी टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी हलकेच मान हलवली. कर म्हणाले.

तिने केलं. पंधरा नंबर चौदात गेला. आई जिथे एकोणीस वर्षं बसली होती ती जागा तिने स्वतःच्या बोटाने पुसली. एकेक लाल ओळ पांढरी होत गेली आणि मालक म्हणाले, "बघा, किती सोपं होतं."

घरी तिने आईला सांगितलं, तेव्हा आई हसलीच. "माझं नाव घालून काय करायचंय गं? तुझ्या बाबांचं आहे ना. एकच घर आहे आपलं."

दोन आठवड्यांनी आई जिना चढताना मध्येच बसली, आणि तिला उठता येईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि तो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "यांच्या छातीत दगडाची धूळ साठली आहे. इथे याला इलाज नाही. कामगारांचा छातीचा दवाखाना आहे, तिथे खाट मिळेल, पण धुळीत काम केल्याचं कंपनीचं पत्र लागेल. किती वर्षं, कोणतं काम, सगळं लिहून आणा. आणि लवकर आणा."

वडील आणि मुलगी मालकांपुढे उभे राहिले. मालकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, चौकशी केली. माणूस काही राक्षस नव्हता.

"वहिनींना पूर्ण विश्रांती द्या," ते म्हणाले. "पण पत्र कसं देऊ? त्या रेकॉर्डला नाहीत. आधी कागदावर नव्हत्या, आता तर कॉम्प्युटरमध्येही नाहीत. विचारा तुमच्या मुलीलाच."

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "तुझा काय दोष त्यात." पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारहात्या दोनच हातांनी कामाला बसला. कप निम्मे झाले. संध्याकाळी चौदाच्या पडद्यावर लाल चौकट आली: काम निम्म्यावर. कारण लिहा. खाली यादी होती. यंत्र बिघाड, वीज, कच्चा माल, इतर. कारण भरून अंगठा लावल्याशिवाय चौकट हटत नसे. त्यांनी 'यंत्र बिघाड' दाबलं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी फिटर आला, त्याने चाक उघडून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चाकाला काही झालेलं नाही. उगाच आळ घेताय बिचाऱ्यावर."

दुपारी त्यांच्या नावाचं पत्र आलं. कामात कुचराई केल्याबद्दल ताकीद. ज्याच्या घरात आठ चौकटी टांगल्या होत्या, त्याला.

ते पत्र त्यांनी घरी आणलं. आई उशांना टेकून बसली होती, आता तिला आडवं होता येत नव्हतं. तिने ते वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर तिने घडी घातली आणि दम घेत घेत म्हणाली, "अहो, तुम्ही कुचराई कधी केली? मी नाही म्हणून कप कमी झाले, एवढं सांगायचं ना त्यांना."

एकोणीस वर्षांत तिने स्वतःच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. वडील भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर त्यांचं नाव आठ वेळा लिहिलेलं होतं. मग तो माणूस रडला. मुलीने त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी लाल चौकट आली, तेव्हा त्यांनी मुलीला वरून बोलावून घेतलं.

"इतर लाव," ते म्हणाले.

"बाबा, इतर लावलं तर लिहावं लागतं."

"मग लिही. शेजारच्या चाकावर माझी बायको बसायची. तिचं पूर्ण नाव घाल, माहेरचंही घाल. एकोणीस वर्षं बसली. निम्मे कप तिचे होते, बऱ्याच दिवशी निम्म्याहून जास्त. धुळीने तिची छाती गेली, म्हणून आज ती नाही आणि म्हणून कप कमी आहेत. लिहिलंस?"

"लिहिलं."

आजूबाजूची चाकं थांबली होती. त्यांनी अंगठा लावला. पडद्याने घेतला नाही. इतकी वर्षं कप घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. त्यांनी अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला. मुलीने लगेच वर जाऊन त्या नोंदीचा कागद छापून आणला.

पाऊण तासात मालक खाली आले. "पूस ते," ते मुलीला म्हणाले.

"पुसता येत नाही, साहेब."

त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "एकदा अंगठा लागला की नोंद पक्की होते. गिऱ्हाइकालाही गेली असेल. तुम्हीच तसं मागितलं होतं, कामगारांनी मागून काही बदलू नये म्हणून."

त्याच संध्याकाळी बाप-लेकीला फाटकाबाहेर काढलं. त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागितली, आईला उचलून आत बसवलं आणि तो कागद घेऊन छातीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "कंपनीचीच नोंद आहे, हा चालेल," त्या म्हणाल्या. खाट मिळाली, नाकाला नळी लागली. मग मुलीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "फार उशीर केलात. दहा वर्षांपूर्वी आणायला हवं होतं."

दहा वर्षांपूर्वी त्या भिंतीवर पहिली चौकटही लागलेली नव्हती.

त्या आठवड्यात आणखी सहा जणांनी 'इतर' लावून बायकोचं नाव लिहिलं. चौतीस जणांनी माना खाली घातल्या आणि चाकं फिरवत राहिले. त्यांना मी नावं ठेवणार नाही, भूक मलाही कळते. वाचकहो, आज चहा घेताना कपाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कड गुळगुळीत लागेल. ती कोणी घासली, हे एकदा तरी विचारा, आणि विचारताना आपल्या घरातल्या चौकटींकडेही एक नजर टाका.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी आईला जरा हुशारी वाटली. मुलीने तो कागद तिच्या हातात दिला. आईने स्वतःच्या नावाखाली बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर वाचलं. कुठेतरी छापलेलं आपलं नाव ती पहिल्यांदाच बघत होती. वडील खाटेच्या पायाशी बसले होते.

"यात एक राहिलंय," ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "चाकाआधी चार वर्षं मी कान चिकटवायचे कपांना. कडा नंतर."

मुलीने पेन काढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. कान चिकटवणे, चार वर्षं.

"आणि चोवीस नंबरवालीचं लिही. तिचा नवरा गेला, तेव्हा कार्ड बंद झालं म्हणून तिला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणाले. अकरा वर्षं होती ती माझ्या मागे." आई थांबली. नळीतून हवा आत गेली. "तिलाही खोकला होता. माहेरी असते आता. जाऊन विचारून ये तिला, नाव लिहू का म्हणून."

"जाते."

"आज जा," आई म्हणाली. "माझ्यापाशी तुझे बाबा आहेत."

कागदावर जागा उरली नव्हती. मुलीने तो उलटा केला, मागची बाजू कोरी होती. तिने वर चोवीस हा आकडा लिहिला, कागदाची घडी घातली आणि चपला घालायला उठली.